व्यवस्थित, पण मुका

तीस वर्षांच्या वकिलीत आम्ही इतरांच्या मसुद्यांतील चुका दाखवून पोट भरले. आज आमच्याच एका मसुद्यातील चूक सांगावयाची आहे. चूक एका शब्दाची होती, शब्द मराठी होता, आणि ज्याने तो मसुदा कधी पाहिलाही नव्हता अशा एका माणसाच्या पोटावर ती उठली होती.

बेळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने मराठी वाचनालय आहे. त्याच्या कार्यकारी मंडळावर आम्ही बरीच वर्षे आहोत. कायद्याचे कागद पाहणे हे आमचे काम. आमच्या भागात एकच कागद तीन भाषांतून फिरतो, हे सीमाभागातील वाचकांना सांगावयास नको. दरपत्रक इंग्रजीत येते, ठराव मराठीत होतो आणि सरकारी शिक्का कन्नडमध्ये पडतो. या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी अर्थ सांडतो, आणि सांडलेला अर्थ गोळा करण्यासाठी मग वकिलाला बोलावतात.

दोन वर्षांपूर्वी मंडळाने वाचनालयात कॅमेरे बसवावयाचे ठरविले. दहा कॅमेरे, वाचकांसाठी वायफायच्या दोन पेट्या, तीन दूरध्वनी आणि चित्रे साठविणारे एक यंत्र. पुरवठादाराने इंग्रजी दरपत्रक दिले. त्यात या सर्वांच्या मध्ये एक ओळ होती: मॅनेज्ड पीओई स्विच, १६ पोर्ट, नग १. मंडळातील निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते, त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, ज्या कागदावर सही करायची तो आपल्याला कळला तरी पाहिजे. मागणीपत्र मराठीत करा."

आम्हाला आनंद झाला. इतकी वर्षे ज्या गोष्टीसाठी भाषणे केली ती प्रत्यक्ष करण्याची संधी आली होती. एका रविवारी कोश घेऊन बसलो. पोर्ट या शब्दासाठी ‘बंदर’ नको, ‘द्वार’ हवे, हे सहज ठरले. पीओई या अक्षरांमागे पॉवर ओव्हर ईथरनेट असे नाव आहे, हे कळल्यावर ‘वीज पुरविणारा’ असे लिहिले. मॅनेज्ड या शब्दापाशी थोडे अडलो. ‘व्यवस्थापित’ हा शब्द समोर होता, पण तो सरकारी परिपत्रकातला वाटला. ‘व्यवस्थित’ सुटसुटीत होता, सर्वांच्या ओळखीचा होता. तोच घेतला. अशा रीतीने मागणीपत्रात ओळ आली: "१६ द्वारांचा, वीज पुरविणारा, व्यवस्थित स्विच, नग १." मंडळाच्या सभेत ती मोठ्याने वाचली तेव्हा सभासदांनी माना डोलावल्या. ती वस्तू काय काम करते हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि माना डोलावणाऱ्यांनाही नव्हते.

नोव्हेंबरात एके दिवशी भर दुपारी पुरवठादाराने सर्व बसवून दाखविले. पडद्यावर दहा चौकटी, दहांतही चित्र. आम्ही समाधानाने सह्या केल्या.

डिसेंबरात मागील दालनातील कपाटातून जुन्या मासिकांचे दोन बांधीव खंड नाहीसे झाल्याचे लक्षात आले. मागील दालनावर नजर ठेवणारे दोन कॅमेरे होते. साठविलेली चित्रे पाहू लागलो तेव्हा त्या दोन चौकटी रात्रभर काळ्या. एक दिवस नव्हे, रोज. संध्याकाळी सहानंतर थोड्याच वेळात बंद आणि सकाळी पुन्हा सुरू. वाचनालयाचे पहारेकरी, ज्यांना आम्ही सर्व मामा म्हणतो, ते संध्याकाळी सहाला कामावर येतात. ते येतात आणि कॅमेरे जातात. मंडळाला याहून अधिक पुरावा नको होता. खेदाने सांगतो, आम्हालाही नको वाटला.

मामांना बोलावून विचारले. ते म्हणाले, "अंधार पडला की जातंय साहेब. उजाडलं की आपोआप येतंय. मी बटणाला हात लावलो न्हाई."

हे वाक्य येथे जसेच्या तसे दिले आहे, कारण पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे. ‘मी हात लावला’ असे प्रमाण मराठी म्हणते. आमच्याकडे क्रियापद कर्त्याच्या मागून चालते: मी बघितलो, मी सांगितलो, मी हात लावलो. कन्नडच्या शेजारातून आलेले हे वळण आहे. पुण्याकडचे पाहुणे त्यावर हसतात, आणि शिकलेली आमची माणसेही ते मामांसारख्यांसाठी राखून ठेवतात. कारकुनाने मामांचे उत्तर नोंदवहीत घेतले आणि खाली शेरा लिहिला: "टाळाटाळीचे उत्तर." त्यावर आम्ही सही केली. मग शुद्ध प्रमाण मराठीत आम्ही त्यांना कारणे दाखवा नोटीस लिहिली: कामावर असताना सायंकाळी कॅमेऱ्यांचा स्विच जाणूनबुजून बंद केल्याबद्दल आपणांस कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा करावा. त्या नोटिशीत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

खुलाशाची मुदत संपण्याआधी एक गोष्ट घडली. एका सभासदाची कन्या सुटीवर गावी आली होती. नेटवर्क उभारण्याचे काम ती नोकरीत करते. पुस्तक बदलण्यासाठी वाचनालयात आली असता तिने हा प्रकार ऐकला आणि आम्हाला एकच प्रश्न विचारला: "काका, या कॅमेऱ्यांना बटण कुठंय?"

आम्ही वर पाहिले. कॅमेरा छताच्या कोपऱ्यात, हात न पोचेल अशा उंचीवर. त्याच्या मागून एकच निळी तार निघालेली. भिंतीवर विजेचा सॉकेट नाही, बटण नाही, दुसरी तार नाही. ती निळी तार भिंतीच्या कडेकडेने ग्रंथपालांच्या खोलीत जात होती आणि तेथे कुलूपबंद कपाटातील एका पेटीत शिरत होती. कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे. ग्रंथपाल साडेपाचला कुलूप लावून घरी जातात. म्हणजे जे बटण बंद केल्याचा आरोप आम्ही मामांवर लेखी ठेवला होता ते बटण जगात नव्हतेच.

त्या संध्याकाळी त्या मुलीने आम्हाला जे समजावून सांगितले ते आम्ही मागणीपत्र लिहिण्यापूर्वी विचारावयास हवे होते.

आमच्या पिढीला ती गोष्ट एका जुन्या वस्तूवरून चटकन कळते. घरी काळा दूरध्वनी होता तेव्हा त्याला विजेचे बटण नव्हते. गावची वीज गेली तरी तो वाजत असे, कारण त्याची वीज एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून येई, सुमारे ४८ व्होल्टची, आणि ज्या तांब्याच्या जोडतारेवरून आवाज येई त्याच तारेवरून येई. कॅमेऱ्याच्या निळ्या तारेत अशा चार जोड्या असतात. त्यांवरून चित्रही जाते आणि सुमारे तेवढ्याच दाबाची वीजही येते. फरक इतकाच की वीज देणारी पेटी एक्स्चेंजमध्ये नसून आपल्याच इमारतीत असते. तिला स्विच म्हणतात. बटणाशी तिचा संबंध नाही. आलेले टपाल पत्ता पाहून योग्य खणात टाकणाऱ्या टपालबाबूसारखे तिचे काम आहे. कोणाकडून आलेली माहिती कोणत्या द्वाराने बाहेर काढावयाची हे ती ठरविते. नोटिशीत ‘कॅमेऱ्यांचा स्विच’ लिहिताना आमच्या मनात भिंतीवरचे बटण होते, आणि मागणीपत्रात ‘व्यवस्थित स्विच’ लिहिताना मनात काहीच नव्हते.

वीज देण्याची तिची रीत पाहण्यासारखी आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे कळल्याखेरीज ती पूर्ण वीज सोडत नाही. प्रथम अगदी थोडा दाब देऊन चाचपून पाहते. पलीकडच्या उपकरणात २५ किलोओहमचा ठरावीक रोध आढळला तरच हे वीज घेणारे उपकरण आहे असे मानते. साधा संगणक जोडला तर ती खूण सापडत नाही आणि वीजही जात नाही. म्हणून काही जळत नाही. मग उपकरण आपला वर्ग सांगते, म्हणजे मला साधारण इतकी वीज लागेल असे कळविते. हे सारे एका सेकंदाच्या आसपास उरकते. ओळख पटवून घ्यावी, मागणी ऐकून घ्यावी आणि मगच द्यावे, हा क्रम न्यायालयालाही शोभेल असा आहे. आम्ही मामांच्या बाबतीत तो पाळला नाही.

या व्यवहाराचे नियम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरविले आहेत. २००३ च्या ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे एका द्वारातून १५.४ वॉटपर्यंत वीज सोडता येते, पण उपकरणाच्या हाती १२.९५ वॉटचीच हमी असते. मधले २.४५ वॉट १०० मीटरपर्यंतच्या तारेत उष्णता होऊन जाऊ शकतात, हे मानकानेच गृहीत धरले आहे. २००९ च्या ८०२.३एटी या मानकाने हे आकडे ३० आणि २५.५ वॉटपर्यंत नेले, आणि २०१८ च्या ८०२.३बीटीने पेटीकडील आकडा ९० वॉटपर्यंत. हे सर्व आकडे एका द्वाराचे आहेत. संपूर्ण पेटी एका वेळी मिळून किती वीज देऊ शकते हा आकडा वेगळाच असतो, आणि खरी गोम तेथे आहे.

आमच्या पेटीवर ठळक अक्षरांत होते: १६ द्वारे, प्रत्येकी ३० वॉट. आमच्यासारखा माणूस १६ गुणिले ३० करून ४८० म्हणतो आणि निर्धास्त होतो. पेटीच्या मागे बारीक अक्षरांत एकूण क्षमता होती: १२० वॉट. आता हिशेब पाहा. कॅमेरा दिवसा सुमारे ५ वॉट घेतो. दहा कॅमेऱ्यांचे ५०. वायफायच्या दोन पेट्यांचे २४. तीन दूरध्वनींचे १२. एकूण ८६. भर दुपारी दाखविलेल्या चाचणीत सर्व ठीक दिसले यात नवल नाही. पण अंधार पडताच कॅमेरे आपले अवरक्त दिवे लावतात. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्या दिव्यांमुळे प्रत्येक कॅमेऱ्याची भूक सुमारे १० वॉटवर जाते. दहांचे १००, अधिक २४, अधिक १२: १३६ वॉट. पेटीजवळ १२०. कोणीतरी उपाशी राहणार. अशा वेळी ही पेटी शेवटच्या क्रमांकाच्या द्वारांची वीज प्रथम तोडत होती. शेवटच्या दोन द्वारांत मागील दालनाचे कॅमेरे होते. ते गेले की बेरीज ११६ वर येते आणि उरलेल्यांचे भागते. उजाडले की दिवे विझतात, वीज पुरते आणि ते दोघे पुन्हा जागे होतात.

मुलीने हे बोलून दाखविले नाही, करून दाखविले. साडेसात वाजता दोन चौकटी काळ्या होत्या. तिने वायफायच्या दोन्ही पेट्यांच्या तारा काढल्या. मिनिटाभरात दोन्ही चौकटींत मागील दालन उमटले.

अंधार पडला की जातंय. उजाडलं की आपोआप येतंय. मामांनी एका ओळीत संपूर्ण निदान सांगितले होते.

तरीही वकिलाचे मन लेखी पुरावा मागते. चित्रे साठविणाऱ्या यंत्रात, कोणता कॅमेरा केव्हा खंडित झाला याची तारीखवार नोंद होती. ती आधीपासून तेथेच होती. आम्ही फक्त डिसेंबरातील दोनचार ओळी पाहिल्या होत्या. आता सगळी वाचली. डिसेंबराच्या आरंभी वेळ सव्वासहाच्या आसपास, जानेवारी संपताना पावणेसातच्या जवळ. रोज एकाच वेळी कामावर येणारा माणूस हे करीत असता तर वेळ अशी सरकली नसती. ती सूर्यास्तामागून सरकत होती. आणि एका ढगाळ संध्याकाळी नोंद होती पाच वाजून पन्नास मिनिटांची. त्या दिवशीची हजेरीवही काढली. मामांची सही सहा वाजताची होती.

दुसऱ्या दिवशी पुरवठादाराला बोलावले. आम्ही तावातावाने म्हणालो की तुम्ही दरपत्रकात मॅनेज्ड म्हटले होते. त्याने आमचे मागणीपत्र पुढे केले. करार त्यावर झाला होता. त्याने बोट ठेवून वाचले आणि निरागसपणे म्हणाला, "स्विच व्यवस्थितच आहे की ओ साहेब. कुठं बिघाड आहे सांगा."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १३ प्रमाणे दोन्ही पक्ष एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाले तरच संमती झाली असे म्हणतात. हे कलम आम्ही किती न्यायालयांत किती वेळा वाचून दाखविले असेल. येथे वस्तू एक होती, अर्थ एक नव्हता. शब्द संदिग्ध असेल तर ज्याने मसुदा केला त्याच्याविरुद्ध अर्थ लावावा, हेही जुने तत्त्व आहे, आणि मसुदा आमचा होता. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ चा आधार घेता आला असता. घेणाऱ्याने वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला कळविले आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. पण रात्री दहाही कॅमेरे एकदम चालावेत, हा हेतू आम्ही कुठे लिहिला होता? पुरवठादार लबाड होता की नाही यावर आम्ही विचार केला, आणि तो सोडून दिला. त्याने इंग्रजीत एक वस्तू सांगितली, आम्ही मराठीत दुसरी मागितली, त्याने स्वस्त पडणारी दिली.

आता त्या शब्दाकडे येऊ, कारण या लेखाचे प्रयोजन तेच आहे.

इंग्रजीतील मॅनेज्ड हे रूप भूतकाळाचे दिसते. जणू कोणीतरी त्या पेटीची व्यवस्था आधीच लावून दिली आहे. वास्तविक उलट आहे. ती पेटी आपली व्यवस्था लावून घेण्यास तयार आहे, इतकाच त्याचा अर्थ. जिची व्यवस्था आधीच कायमची ठरलेली असते, जिच्यात काही बदलता येत नाही, ती अनमॅनेज्ड. म्हणजे मूळ इंग्रजी शब्दच नीट घडलेला नाही. आम्ही त्याच्या रूपाचे भाषांतर केले, कामाचे केले नाही. ‘व्यवस्थित’ आणि ‘व्यवस्थापित’ ही दोन्ही रूपे क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतात. त्यांतील ‘व्यवस्थित’ तर मराठीत ‘ठाकठीक’ याच अर्थाने रुळला आहे. येथे हवा होता ‘क्षम’ हा उत्तरपद असलेला शब्द, जसा ‘कार्यक्षम’: व्यवस्थापनक्षम. तीन अक्षरे अधिक पडतात, पण पुरवठादाराला पळवाट राहत नाही.

गुरुजींना तोही पटला नाही. त्यांनी त्या मुलीला विचारले, "बाळ, ही महाग पेटी नेमके काय अधिक करते?" ती म्हणाली, "आजोबा, विचारलं तर सांगते आणि सांगितलं तर ऐकते. कोणत्या द्वाराला किती वीज जाते ते पडद्यावर दाखवते. कमी पडली तर कोणाची आधी तोडायची ते आपण ठरवायचं. एखादा कॅमेरा अडकला तर शिडी न लावता त्याची वीज इथूनच बंद-चालू करता येते. वाचकांचं वायफाय आणि हिशेबाचा संगणक एकाच पेटीत असूनही आपसांत आडभिंत घालता येते. आणि काही घडलं की वेळेसह लिहून ठेवते. ही स्वस्त पेटी दोन कॅमेऱ्यांची वीज तोडते, पण का तोडली ते कुणाला सांगत नाही." गुरुजी म्हणाले, "मग ही मुकी आणि ती बोलकी."

आमच्या लोकांनी एकेकाळी मूकपट आणि बोलपट हे शब्द असेच घडविले. वस्तू पाहिली, तिच्यात काय आहे व काय नाही ते पाहिले आणि नाव दिले. बोलका स्विच, मुका स्विच. कागदावर ‘व्यवस्थापनक्षम’ आणि बोलण्यात ‘बोलका’ अशी वाटणी आम्ही तेव्हापासून केली आहे.

सारेच शब्द बदलावेत असे आमचे म्हणणे नाही. ईथरनेट हा शब्द आम्ही तसाच ठेवला. १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात हे नाव सुचविले. प्रकाशलहरींना वाहून नेणारे ईथर नावाचे द्रव्य सर्वत्र भरलेले आहे असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानत. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ले यांनी केलेल्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही. म्हणजे जे द्रव्य नाहीच त्याच्या नावावरून या तारेचे नाव पडले. असे नाव काही वर्णन करीत नाही. ते केवळ नाव असते, आणि नाव उसने घेतल्याने कोणाचे नुकसान होत नाही. स्विच, कॅमेरा, वॉट यांचेही तसेच. पण वस्तू काय करील आणि काय करणार नाही हे सांगणारा शब्द उसना घेऊन चालत नाही, आणि न समजता घडवून तर मुळीच चालत नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा कोश आठ भाषांत सिद्ध करविला. त्यातील शब्द रोजच्या कारभारासाठी होते. आमचा ‘व्यवस्थित’ मात्र कोश आणि कल्पना यांच्या भरवशावर एका रविवारी जन्मला.

मंडळाने दुसरे मागणीपत्र करावयाचे ठरविले. या वेळी ती मुलगी बोलत होती आणि आम्ही लिहीत होतो. इतर संस्थांना उपयोगी पडेल म्हणून त्यातील मुख्य कलमे येथे देतो.

१) वीज देणारी द्वारे १६ आणि त्याखेरीज साधी द्वारे २ असावीत.

२) प्रत्येक द्वारातून ८०२.३एटी मानकानुसार ३० वॉटपर्यंत वीज मिळावी. सर्व द्वारांतून एकाच वेळी मिळून मिळणारी वीज २४० वॉटपेक्षा कमी नसावी. हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत.

३) स्विच व्यवस्थापनक्षम असावा. म्हणजे: प्रत्येक द्वारातून जाणारी वीज पडद्यावर दिसावी, कोणत्याही द्वाराची वीज दुरून बंद व चालू करता यावी, वीज कमी पडल्यास तोडण्याचा क्रम ठरविता यावा, द्वारांचे परस्परांपासून अलग गट करता यावेत, प्रत्येक घटनेची तारीख व वेळ यांसह नोंद राहावी.

४) तारा संपूर्ण तांब्याच्या असाव्यात, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या नसाव्यात, कोणतीही तार १०० मीटरपेक्षा लांब नसावी.

५) सर्व उपकरणे रात्री एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालावीत या हेतूने ही खरेदी आहे. चाचणी सूर्यास्तानंतर सुरू करून सलग बारा तास घ्यावी. देयक त्यानंतर द्यावे.

‘पॉवर बजेट’ या शब्दासाठी एका सभासदाने ‘वीज-अंदाजपत्रक’ सुचविले होते. आम्ही ते नम्रपणे बाजूला ठेवले. अंदाजपत्रक म्हटले की तुटीची मुभा आली. दुसऱ्या कलमात जे आहे ते सरळ मराठी वाक्य आहे. तेथे नवा शब्द लागलाच नाही. हे आम्हाला उशिरा कळले की कित्येकदा पारिभाषिक शब्दापेक्षा एक स्वच्छ वाक्य अधिक नेमके असते.

जुनी पेटी पुरवठादाराने काही रक्कम कापून परत घेतली. फरकाची रक्कम आम्ही भरली. मंडळ नको म्हणत होते, पण मसुद्याची फी आम्ही घेतली नव्हती, म्हणून मसुद्याच्या चुकीचा भारही घ्यावयाचा नाही, असे कोणत्या कायद्यात आहे?

राहिली मामांची गोष्ट. ते खंड सापडले नाहीत आणि कोणी नेले तेही कळले नाही. पण ते नेण्याशी मामांचा संबंध जोडणारे काहीही आमच्याजवळ नव्हते, हे आम्ही मान्य केले. आम्ही त्यांना बोलावून नोटीस मागे घेतल्याचे तोंडी सांगितले. ते काही क्षण उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचलासा. हे पण सगळ्यांसमोर वाचा."

पुढच्या सभेत ठराव मांडला. पहारेकऱ्याचे म्हणणे आरंभापासून खरे होते. कॅमेरे बंद पडण्याचे कारण स्विचची अपुरी वीजक्षमता हे होते. ती अपुरी राहण्याचे कारण मागणीपत्रातील संदिग्ध शब्द हे होते. तो शब्द आमचा होता. हे चारही मुद्दे क्रमाने इतिवृत्तात आहेत. नोंदवहीतील ‘टाळाटाळीचे उत्तर’ हा शेरा आम्ही स्वतः खोडला, बाजूस आद्याक्षरे केली आणि त्याखाली मामांचे वाक्य त्यांच्याच शब्दांत पुन्हा लिहिले. ‘हात लावलो’ येथे कारकुनाची लेखणी अडली आणि त्याने विचारले, "शुद्ध करू का?" आम्ही नको म्हणालो. साक्षीदाराच्या तोंडचा शब्द बदलण्याचा अधिकार लेखनिकाला नसतो, आणि त्या सबंध प्रकरणात नेमके असे ते एकच वाक्य होते.

ठराव वाचून झाल्यावर मामा म्हणाले, "आता नीट लिवलासा." आणि पहाऱ्याला गेले, कारण सहा वाजले होते.

हा लेख लिहिण्यामागे एक विनंतीही आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवे आणि आमचा सीमाभाग येथील मराठी वाचनालये, मंडळे, शाळा आता अशाच पेट्या आणि तारा घेत आहेत. त्यांचे कागद मराठीत करावेत, अवश्य करावेत. मात्र लेखणी उचलण्यापूर्वी ती वस्तू बसविणाऱ्या माणसाजवळ तासभर बसावे, आणि ती अंधारात काय करते हे तिच्याजवळ रात्रभर जागणाऱ्याला विचारावे. आपापल्या गावचे वायरमन या पेट्यांना काय म्हणतात, मुक्या-बोलक्याहून सरस शब्द कोणाजवळ आहे का, ते आम्हाला कळवावे. तिसरे मागणीपत्र लवकरच करावयाचे आहे. बालविभागातही दोन कॅमेरे हवे आहेत.